उकडीचा बैल

मूल साधारण सहा महिन्यांचे झाले, म्हणजे जगाची ओळख ते हातापेक्षा तोंडानेच अधिक करून घेऊ लागते, आणि पुढे दोन-अडीच वर्षांपर्यंत ही वहिवाट काही सुटत नाही. हाताला लागेल तो जिन्नस, मग तो आईच्या पोतीचा मणी असो, अंगणातला खडा असो की चुलीपुढचा कोळसा असो, आधी जिभेच्या कसोटीला उतरायचा आणि मगच बोटांच्या स्वाधीन व्हायचा. याच वयात त्याच्या बोटांना दाबण्याची, वळण्याची, थापण्याची, मोडून पुन्हा जोडण्याची जबर ओढ लागलेली असते. म्हणजे ज्या काळात मुलाला मऊ, आकार घेणाऱ्या आणि आकार मोडू देणाऱ्या पदार्थाची सर्वांत अधिक गरज, त्याच काळात असा पदार्थ त्याच्या हाती देणे सर्वांत अधिक जोखमीचे. या पेचातून वाट काढण्यासाठी खाण्याच्याच जिनसांपासून घरच्या घरी जो खेळण्याचा गोळा करता येतो, त्याविषयी येथे लिहावयाचे आहे; आणि ते जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या आधाराने लिहावयाचे आहे, कारण या मुलखात पश्चिमेच्या डोंगरपट्टीला भात, नाचणी व वरई आणि पूर्वेच्या सपाटीला बाजरी, गहू व बटाटा असे सगळे पीठ-पिष्टाचे प्रकार एका दिवसाच्या वाटेत भेटतात, आणि हाताने आकार घडवण्याची परंपराही येथे पुरातन आहे.

ती किती पुरातन, याचा एक दाखला या मुलखातून वाहणाऱ्या नदीच्याच खोऱ्यातला आहे. आंबेगावच्या पश्चिमेला सह्याद्रीत उगम पावणारी घोडनदी डिंभ्याचे धरण ओलांडून, घोडेगावावरून पूर्वेला शिरूर तालुक्यात उतरते, आणि तिथे तिच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ सालापासून दीडेक दशक तेथे उत्खनन केले, तेव्हा सव्वातीन हजार वर्षांमागच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी सापडली. तिच्यात स्त्रीची एक मृण्मयी मूर्ती होती, आणि वर दुसरी एक मस्तक नसलेली मूर्ती व एक बैल. या मस्तकहीन मूर्तीच्या पोटाला एक छिद्र आणि बैलाच्या पाठीला एक छिद्र. दोहोंत काडी बसवली की ती स्त्री बैलावर आरूढ व्हावी, अशी योजना. हे सारे कच्च्या, न भाजलेल्या मातीचे. विद्वानांनी तिला देवता मानले आहे आणि ते यथार्थच असेल. परंतु ज्याने कोणी ती काडी बसवून पाहिली असेल, त्याच्या बोटांना आजच्या अंगणातल्या मुलाच्या बोटांची ओळख निश्चित पटली असती.

दुसरा दाखला जुन्नरजवळ, कुकडीच्या काठच्या लेण्याद्रीचा आहे. तेथल्या बौद्ध लेण्यांच्या रांगेत सातव्या लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान आहे, आणि त्याची कथा अशी सांगतात की, पार्वतीने पुत्रप्राप्तीसाठी याच डोंगरात दीर्घ तप केले आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपल्या अंगाच्या मळाची एक बालमूर्ती घडवली, ती सजीव होऊन तिच्यापुढे उभी राहिली. अष्टविनायकांत जो देव केवळ आईचा मुलगा म्हणून ओळखला जातो, त्याचा जन्म आईच्या बोटांनी मळून केलेल्या मूर्तीतून व्हावा, आणि त्याच चतुर्थीला त्याच्यापुढे घरोघरच्या बायकांनी बोटांनीच मुखऱ्या पाडलेल्या तांदळाच्या उकडीच्या मोदकांचा नैवेद्य ठेवावा, यात मला विलक्षण सुसंगती वाटते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ती उकडच. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

पण स्वयंपाकघरात खेळण्याचा गोळा म्हणून मुलाच्या हाती पहिल्याने येते ती कणीक. पोळ्या करायला बसलेल्या आईच्या मांडीला खेटून बसणाऱ्या पोराला लिंबाएवढा गोळा काढून देणे हा मराठी घरांतला जुना शिरस्ता; त्याने त्याची चिमणी करावी, साप करावा, आणि शेवटी तव्याच्या कडेला ती चिमणी शेकून मिळावी. मोठ्यांच्या व्यवहारातही कणकेला आकार देण्याचे प्रसंग थोडे नव्हते. आषाढी अमावास्येला गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे दिवे करून उकडायचे, त्यांची पूजा करून ते तुपाबरोबर खायचे. उन्हाळ्यात वळवटाचे काम निघाले की बायका अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत रव्याचा ओला कण फिरवून गव्हले, कातरकामासारख्या मालत्या, नखाच्या दाबाने पडणारी नखुली वळीत, आणि त्यांची खीर होण्यापूर्वी लग्नाच्या रुखवतात त्यांची ताटे मांडली जात. या कामाला मुली लहानपणापासून बसत. त्याला कोणी खेळ म्हणत नसे, पण पाच वर्षांच्या मुलीच्या चिमटीत बळ आणि बारकाई आणण्याची इतकी उत्तम तजवीज बालशिक्षणाच्या एखाद्या तज्ज्ञालाही सुचली नसती.

आज दुकानांत रंगीबेरंगी डब्यांतून जी 'क्ले' म्हणून मिळते, तिच्या जातीचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ जन्मला तो मुलांसाठी नव्हेच. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातल्या एका कारखान्यात कोळशाच्या धुराने काळवंडलेले भिंतीवरचे कागद पुसण्यासाठी पीठ, पाणी आणि मीठ यांचा एक लगदा तयार होत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरांतली कोळशाची शेगडी जाऊन गॅस आला, धुता येतील असे कागद निघाले, आणि त्या लगद्याला गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा त्या कारखानदाराची मेहुणी के झुफाल, जी एक बालवाडी चालवीत असे, तिने तो मुलांच्या हाती देऊन पाहिला. मुले त्यात रमून गेली, आणि १९५६ साली 'प्ले-डो' या नावाने तो बाजारात आला. एका बालवाडीच्या बाईच्या निरीक्षणाने एक बुडता कारखाना तरला, ही घटना शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मात्र हा पदार्थ विषारी नसला तरी तो खाण्यासाठी नाही, आणि घरी त्याची जी नक्कल सर्रास केली जाते, तिच्यात तर विशेष सावधगिरीची गरज आहे.

ती नक्कल अशी: दोन भाग मैदा, एक भाग मीठ, पाणी, थोडे तेल. आपल्याकडे वाटीने माप घेतले तर वाटीभर मैद्याला अर्धी वाटी मीठ. मीठ घालण्याचे कारण उघड आहे. ते पाणी धरून ठेवते, बुरशी येऊ देत नाही, आणि गोळा कित्येक आठवडे टिकतो. शिवाय तो इतका खारट असतो की एकदा चाखलेले मूल पुन्हा तोंडात घालणार नाही, अशी समजूत असते. पण वजनाचा हिशोब केला तर अशा गोळ्याचा एक तृतीयांश भाग मीठच असतो. सुपारीएवढ्या तुकड्यात अडीच-तीन ग्रॅम मीठ सहज जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला सबंध दिवसासाठी घातलेली मर्यादा पाच ग्रॅमांची आहे. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाने हट्टाने दोन-तीन तुकडे गिळले तर रक्तातले क्षार वाढून उलट्या, गुंगी, आकडी इथपर्यंत प्रकरण जाऊ शकते. घरातल्या कुत्र्यालाही हा गोळा तितकाच घातक. त्यावर उपाय म्हणून काहींनी दुसरे टोक गाठले: पिठीसाखर, दुधाची भुकटी, शेंगदाण्याचे लोणी, मध यांचा गोळा. हा खाता येतो यात शंका नाही, पण ती मिठाई झाली. मूल तिच्याशी खेळत नाही, ती खात सुटते. वर्षाच्या आतल्या मुलाला मध तर मुळीच चालत नाही, कारण त्यातल्या एका जंतूचे बीजाणू त्याच्या कोवळ्या आतड्यात विष उत्पन्न करू शकतात.

म्हणून माझ्या मते या पदार्थाची कसोटी एकच धरावी: तो खाता यावा, पण खावासा वाटू नये. पोटात गेला तर अपाय नसावा आणि चवीने मुलाला भुलवूही नये. कणीक या कसोटीला जवळजवळ उतरते, पण पूर्ण उतरत नाही. आणि ती का उतरत नाही हे अलीकडेच लोकांच्या ध्यानात आले आहे. गहू शेतात उघड्यावर पिकतो, पाखरे-गुरे तिथूनच जातात, आणि दळण्याच्या क्रियेत जंतूंचा नाश होण्यासारखे काहीच घडत नाही. भाजल्या-शिजवल्यावर ते मरतात म्हणून आपल्याला त्यांचा उपसर्ग जाणवत नाही. २०१६ साली अमेरिकेत पिठातल्या ई. कोलाय जंतूंमुळे अनेक राज्यांत माणसे आजारी पडली, आणि चौकशीत असे निघाले की त्यांतली काही मुले उपाहारगृहांत खेळायला म्हणून दिलेला कच्चा गोळा हाताळीत होती. आपल्या घरी चिमणी करणाऱ्या पोराला यामुळे भय घालण्याचे कारण नाही, तव्यावर शेकलेली चिमणी निर्धोकच; पण कच्चा गोळा रोज तासन् तास चघळायला देऊ नये, एवढे तारतम्य राखावे. कोणी म्हणतील, पीठ कोरडे भाजून घेतले तर? तेही पुरेसे नाही. कोरड्या पिठात दडलेले जंतू उष्णतेला चांगलेच दाद देईनासे होतात. त्यांना मारायला उष्णतेच्या जोडीला ओल लागते. पीठ आणि पाणी दोन्ही एकत्र तापवायचे, वाफेत शिजवायचे आणि मग मळायचे, हाच त्यावरचा खरा इलाज. आणि याच इलाजाला आपल्या आज्या-पणज्या उकड काढणे म्हणत आल्या आहेत.

उकडीत नेमके काय घडते, हे समजून घेतले तर ती चांगली साधते. गव्हाच्या कणकेत प्रथिनांचे जाळे असते, त्यामुळे ती ताणली जाते आणि सोडली की मागे सरते. मुलाने सापाची शेपटी लांबवावी आणि ती आखडून यावी, हा त्या जाळ्याचाच परिणाम. तांदळात ते जाळे नाही. कच्ची पिठी नुसत्या पाण्यात भिजवली तर गोळा होत नाही, तो फसफशीत होऊन मोडतो. परंतु पाणी सत्तरेक अंशांच्या वर गेले की पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आणि त्यांतून निघालेला चिकट द्रव सगळ्यांना एकमेकांशी जखडून ठेवतो. जी विरी धान्यात नाही ती आधणाने आणली जाते. ज्वारीच्या जुन्या पिठाची भाकरी फुटू लागली की सुगरण आधणाचे पाणी घेते, तेही याच कारणाने. तांदळाच्या या शिजलेल्या खळीचा चिकटपणा जुन्नरला आणखी एका धंद्यात माहीत होता. येथला हातकागद पेशव्यांच्या दप्तरांत नावाजलेला, आणि कागद घोटण्यापूर्वी त्याला पिठाची खळ देणे ही कागदी लोकांची रीतच होती. खळीवाचून शाई फुटली असती. असो.

आता प्रत्यक्ष कृती. तांदूळ शक्यतो नवा आणि चिकट जातीचा घ्यावा; आंबेमोहोर उत्तम, आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेली इंद्रायणीही या कामाला फार चांगली. तांदूळ धुवून, सावलीत वाळवून, बारीक दळून आणावा. मोदकासाठी वाटीभर पिठीला वाटीभर पाणी घेतात. खेळण्यासाठी गोळा किंचित घट्ट हवा, म्हणून पाणी दोन चमचे कमी करावे. पातेल्यात पाण्याला उकळी फुटली की त्यात चमचाभर तेल आणि नावापुरते मीठ घालावे, आच मंद करावी, पिठी एकदम ओतावी आणि उलथन्याच्या दांड्याने भराभर ढवळावी. या क्षणी ती ओबडधोबड, गुठळ्यांची, कुठे कोरडी कुठे ओली अशी दिसते आणि नवशिक्या हाताला धीर सुटतो. तो सुटू देऊ नये. वर झाकण ठेवून दोन दणदणीत वाफा येऊ द्याव्यात, पातेले खाली उतरवून दहा मिनिटे तसेच झाकलेले ठेवावे, म्हणजे जे पीठ कोरडे राहिले असेल ते आतल्या वाफेनेच शिजते. मग परातीत काढून, चटका सोसवेनासा असेल तर आधी तेल लावलेल्या वाटीच्या बुडाने रगडावे, आणि नंतर तळहाताच्या गादीने, मधूनमधून पाण्याचा हात लावीत, चांगले पाच-सात मिनिटे मळावे. गोळा चकचकीत दिसू लागला, अंगठा दाबला असता खळगा तसाच राहिला आणि त्याच्या कडेला चीर पडली नाही, म्हणजे उकड जमली.

मुलाच्या हाती देण्यापूर्वी गोळा मधोमध मोडून पाहावा, कारण वरून कोमट वाटणारी उकड पोटात बराच वेळ पोळण्याइतकी गरम असते. गोळा हाताला चिकटू लागला तर वरून कोरडी पिठी भुरभुरण्याचा मोह होतो. तसे केले की कच्चे पीठ पुन्हा आलेच आणि सगळी खटपट व्यर्थ गेली. त्याऐवजी हाताला तेल लावावे, किंवा गोळा आणखी एक वाफ देऊन घ्यावा.

उकडीचा एकच मोठा दोष, तो म्हणजे ती निवत गेली की कडक होते आणि तिला चिरा पडतात. फुगलेले पिष्ट पुन्हा आपल्या मूळ ठेवणीकडे वळू लागते आणि धरलेले पाणी सोडते. यावर या मुलखातच तोड आहे. आंबेगावच्या सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाट्याचे पीक घेतात आणि मंचरच्या बाजारात बटाट्याला तोटा नसतो. एक मध्यम बटाटा मऊ उकडून, अगदी बारीक किसून, वाटीभर पिठीच्या गरम उकडीत मळून टाकला तर गोळा कितीतरी अधिक वेळ लुसलुशीत राहतो. पश्चिमेकडे, आहुपे-भीमाशंकरच्या डोंगरउतारांवर महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वस्त्यांत नाचणी घरचीच. तिची उकड अशाच रीतीने निघते, तांदळाच्या उकडीपेक्षा थोडी ठिसूळ होते, पण तिचा तांबूस तपकिरी रंग मातीचा, बैलाचा, डोंगराचा असा आयता मिळतो. तांदूळ दोन भाग आणि नाचणी एक भाग असे मिश्रण मला सर्वांत सोयीचे वाटते. बाजरीचे पीठ मात्र लवकर कडवट होते, ते या कामी टाळावे.

रंगांसाठी स्वयंपाकघराच्या बाहेर जाण्याची गरज नाही. पालक वाफवून वाटून घेतला की हिरवा, बीट उकडून त्याचे पाणी आटवले की गुलाबी-जांभळा, आणि कुंपणावरच्या निळ्या गोकर्णीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की अस्सल निळा. या पाण्यातच पिठी शिजवावी. फक्त बिटाचा रंग फार उकळल्याने मावळतो, म्हणून त्याचे दाट पाणी मळताना घालावे. सर्वांत मौज आहे ती हळदीची. पिवळ्या गोळ्याचा एक भाग वेगळा काढून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा मळला, तर पाहता पाहता तो तांबडा होतो. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळून मळले की पुन्हा पिवळा. हळदीला चुन्याची निवळी देऊन घरी कुंकू करीत, त्यातले रहस्य हेच, आणि चार वर्षांच्या मुलाला ते सांगून नव्हे तर मळवून दाखवता येते. गोकर्णीचा निळा गोळा लिंबाने जांभळा होतो तोही असाच. बाजारचे कुंकू, रांगोळीचे किंवा रंगपंचमीचे रंग मात्र या गोळ्यात कदापि घालू नयेत. आणि टाकणखार घालून केलेला जो चिकट लगदा 'स्लाइम' म्हणून मुलांच्या आवडीचा झाला आहे, तो तर लहान मुलांच्या घरात करूच नये.

एवढ्या सायासाने केलेल्या गोळ्याचे मूल काय करते? ते आपल्या मुलखाचे जग करते. दोन वर्षांचे मूल प्रथम काहीच करीत नाही. ते बोट खुपसते, बोट काढते, खळगा पाहते, पुन्हा खुपसते, आणि या उद्योगात त्याचा अर्धा तास जातो. त्याला मध्येच 'हे काय केलंस?' असे विचारू नये. त्याने अजून काही केलेले नसते आणि विचारल्यामुळे त्याला उगीच काहीतरी नाव द्यावे लागते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तोच गोळा थापून झाला की अकस्मात 'भाकरी' होतो. येथे खेळाने एक उंबरठा ओलांडलेला असतो: समोर आहे एक वस्तू आणि मनात आहे दुसरी, आणि पहिलीने दुसरीच्या जागी उभे राहावे असा मुलाने स्वतः हुकूम केलेला असतो. पुढे अक्षराने ध्वनीच्या जागी आणि अंकाने वस्तूंच्या जागी उभे राहायचे असते, त्याची ही पूर्वतयारी आहे असे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्की यांनी मानले, आणि भातुकलीत रमलेले मूल बारकाईने पाहिलेल्या कोणालाही ते पटेल.

नारायणगावच्या बाजूला, जिथे हंगामात टोमॅटोचे क्रेट भरभरून बाजाराकडे जातात, तिथल्या पोराच्या हाती बिटाची उकड गेली तर तिचे टोमॅटो होणार, काड्यापेटीचे क्रेट होणार आणि लिलावही पुकारला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पण या दोन्ही तालुक्यांत मुलांच्या बोटांतून सर्वांत अधिक जन्मतो तो बैल. बैलगाड्यांच्या शर्यतींचा हा बालेकिल्ला. २०१४ साली न्यायालयाच्या निकालाने त्या थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठीचा कायदा ग्राह्य ठरवला. यात्रेला घाटात बारी सुटलेली पाहून आलेले मूल घरी परतले की बैलच करणार. त्याची रीतही ठरलेली: आधी लांबट धड, मग मान ओढून काढायची, वशिंडासाठी चिमटीत पाठ दाबून वर उचलायची, शिंगे वेगळी वळून चिकटवायची. शेवटी पाय लावले की बैल वजनाने खचतो. मूल पुन्हा जाडे पाय लावते, ते पुन्हा वाकतात. आणि थोड्या वेळाने ते पायांची घडी पोटाखाली घालून म्हणते, बैल बसलाय, रवंथ करतोय. अडचणीतून अर्थ काढण्याची ही हातोटी शिकवून येत नाही, तिला फक्त मऊ गोळा आणि मोकळा वेळ लागतो.

आणि बिबट्या. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले, तेव्हापासून बिबट्याने उसातच घर केले. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र उभारावे लागले, आणि संध्याकाळ झाली की मुलांना घरात घ्यावे लागते, ही येथल्या घरांची रोजची व खरीखुरी काळजी आहे. ज्या गोष्टीबद्दल मोठी माणसे आवाज खाली करून बोलतात, ती मुलाच्या मनात जाऊन बसते आणि ती बोलून दाखवायला त्याच्याजवळ शब्द नसतात. हळदीच्या गोळ्याचा बिबट्या करून, त्यावर नाचणीच्या उकडीचे ठिपके चिकटवून, तो बोटांनी चालवून, शेळीवर झडप घालायला लावून, शेवटी स्वतःच त्याला चिरडून पुन्हा गोळा करून टाकणे यात मुलाला जी मोकळीक मिळते, ती समजावणीच्या शंभर वाक्यांनी मिळणार नाही. असा खेळ चालू असताना 'असलं काही करू नये' म्हणून तो थांबवणारे पालक मुलाचे भय त्याच्याकडेच परत पाठवतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मातीकाम शिक्षणात आणण्याचा विचार फ्रोबेलने जर्मनीत १८३७ नंतरच्या आपल्या बालोद्यानात मांडला होता. पण आपल्याकडे तो गरिबाच्या अंगणाला परवडेल अशा रूपात आणला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केल्यावर त्यांना दिसून आले की, माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात आणणे अशक्य आहे, आणि त्यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, माती अशा जागच्या जागी मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधने उभी केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा गावोगावच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. घोडेगावच्या पश्चिमेला किंवा जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात चार महिने असा पाऊस लागतो की मुलांना अंगणात सोडताच येत नाही. त्या दिवसांत वाटीभर पिठीची उकड सात-आठ मुलांना तासभर पुरते, आणि ताईंना त्यासाठी कोणाकडे मागणीपत्र धाडावे लागत नाही.

येथे एक आक्षेप निघतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. ज्या डोंगरपट्टीत पावसाळ्याच्या तोंडाशी घरातले धान्य संपत येते आणि कुपोषणाची नोंद सरकारी कागदांतून नाहीशी होत नाही, तेथे अन्नाचे खेळणे करावे काय? १९७२ चा दुष्काळ अंगावर काढलेल्या आजीने नातवाच्या हातची उकड जमिनीवर पडलेली पाहून कपाळाला आठी घातली, तर ती चुकली असे मी म्हणणार नाही. पण उकडीचा खेळ अन्न वाया घालवण्याचा असलाच पाहिजे असे नाही. मोदक झाल्यावर उरलेल्या उकडीत मिरची, जिरे आणि मीठ मळून निवगऱ्या वाफवतात. तद्वत् अर्धी उकड बाजूला ठेवून तिच्या निवगऱ्या कराव्यात, आणि मुलाने स्वच्छ हातांनी, स्वच्छ ताटात केलेली भाकरी किंवा चांदकीही त्याच चाळणीत दहा मिनिटे वाफवून त्याच्याच पुढ्यात ठेवावी. जेवायला कंटाळणारे मूल स्वतः थापलेली भाकरी खाते, हा आयांचा नित्याचा अनुभव आहे. जमिनीवर पडलेले, फार हाताळलेले तुकडे गुरांच्या आंबोणात किंवा कोंबड्यांना जातात. जिथे मूठभर पिठीही मोजून वापरावी लागते, तिथे मात्र हा खेळ मांडूच नये, आणि थोरल्या मुलांना मातीच द्यावी.

आणखी काही गोष्टींची खातरजमा करून घ्यावी. खेळण्यापूर्वी हात धुवावेत आणि प्रत्येक मुलाचा गोळा वेगळा असावा. एकाच्या तोंडातला तुकडा दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. तीन वर्षांखालच्या मुलाला बोराएवढे गोल तुकडे करून देऊ नयेत, ते घशात अडकण्याचे भय असते. त्याला मोठा गोळा द्यावा आणि शेजारी जाणते माणूस असावे. डोळे म्हणून मोहरी, मिरी, शेंगदाणे टोचण्याची हौस थोरल्यांसाठी राखावी. गव्हाचे ज्यांना वावडे आहे अशा मुलांना तांदूळ-नाचणीची उकड चालते, हा तिचा आणखी एक गुण. मात्र तिच्यात कणीक मिसळलेली नाही हे त्यांच्या बाबतीत पाहून घ्यावे लागते. खेळ चालू असताना उरलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवावा. दोन-तीन तासांनी तो टाकावा, रात्रभर घरात ठेवू नये. शिजलेल्या तांदळात एका जातीच्या जंतूचे बीजाणू उकळूनही जिवंत राहतात आणि उबेत ते वाढून पोट बिघडवतात. टिकाऊपणा हा या गोळ्याचा गुण नव्हे, आणि टिकाऊ करण्यासाठी त्यात मीठ ओतायला लागलो तर आपण पुन्हा सुरुवातीच्याच पेचात सापडू.

पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास वस्तू तोंडात घालण्याची सवय संपलेली असते, वजनाने न खचणारा बैल हवासा वाटू लागतो, आणि तो दुसऱ्या दिवशीही जागेवर उभा असावा अशी अपेक्षा निर्माण होते. तेव्हा मुलाला खुशाल माती द्यावी. या भागात कुठे श्रावणात तर कुठे भाद्रपदात पोळा असतो. त्याच्या आठ दिवस आधी कुंभाराकडून किंवा ओढ्याकाठून चिकणमाती आणून, खडे वेचून, भिजवून, तुडवून ठेवावी. या मातीचे बैल सावलीत वाळतात, गेरूने रंगवता येतात, पोळ्याच्या संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे मांडता येतात. आणि घरात रांगणारे धाकटे भावंड असेल, तर त्याच्यासाठी त्याच दिवशी नैवेद्याच्या स्वयंपाकातून थोडी उकड वेगळी काढता येते.